गाडीने पंढरपूरला पहिल्यांदाच निघताय? आधी दर्शनाची वेळ ठरवा

स्वतःची गाडी घेऊन पंढरपूरला जाणारे बहुतेक जण "पहाटे किती वाजता निघायचं?" इथून सुरुवात करतात, आणि तिथेच बेत फसतो. पुण्याहून सहाला निघालं की चहा-नाश्ता धरून अकरा-साडेअकराला गावात पोचता येतं. नेमकी त्याच सुमाराला विठोबाच्या महानैवेद्याची वेळ असते. दर्शन थोडा वेळ थांबतं, रांग तुंबते, डोक्यावर ऊन येतं. सोबतचे आजी-आजोबा तीन-चार तास उभे राहतात. संध्याकाळी थकलेला माणूस अंधारात गाडी चालवत परत निघतो. एका दिवसात जाऊन येणं जमतं, पण ते दर्शन राहत नाही, दगदग होते.

म्हणून उलटं मोजा. दर्शन पहाटेचं ठरवा. त्यासाठी आदल्या संध्याकाळी उजेडात गावात पोचायचं आणि मुक्काम करायचा. एवढं ठरलं की निघायची वेळ आपोआप ठरते. पुढचं सगळं या हिशोबाने लिहिलं आहे.

१. आधी पंचांग बघा, मग रजा टाका

पंढरपूरच्या चार मोठ्या वाऱ्या आहेत: आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. पहिल्यांदाच गाडीने जाणाऱ्याने या चारही एकादशांच्या आगेमागे किमान चार दिवस सोडावेत, आणि आषाढीला तर पंधरा. आषाढीच्या आधीचे दोन-अडीच आठवडे पालख्या रस्त्यावर असतात. त्यांच्या मुक्कामाप्रमाणे दिवे घाटापासून वाखरीपर्यंतचे रस्ते टप्प्याटप्प्याने बंद किंवा एकेरी होतात, आणि मॅप दाखवतो त्या रस्त्याने पोलीस सोडत नाहीत. एकादशी झाली की गर्दी संपली असंही नाही. काला पौर्णिमेला असतो, तोपर्यंत गाव भरलेलंच.

याशिवाय तीन गोष्टी बघा.

- दर महिन्याची शुद्ध एकादशी. महिन्याची वारी करणारे हजारो लोक त्या दिवशी येतात.
- शनिवार, रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. बुधवार हा विठोबाचा वार मानतात, त्यामुळे त्या दिवशीही इतर वारांपेक्षा थोडी वर्दळ जास्त.
- अधिक महिना. सुमारे तीन वर्षांनी येतो. जावयाला वाण आणि पंढरीचं दर्शन, दोन्ही याच महिन्यात, त्यामुळे पूर्ण महिनाभर वारीसारखी गर्दी राहते.

सगळ्यात सुखाचे दिवस म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीमधले सोमवार, मंगळवार आणि गुरुवार, एकादशी टाळून. एप्रिल-मे मध्ये सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अनवाणी पायाला फरशीचे चटके बसतात आणि लहान मुलं कोमेजून जातात.

आषाढीलाच जायचं असेल, तर एक सवलत माहीत असू द्या. गेली काही वर्षं राज्य सरकार आषाढीसाठी पंढरपूरला जाणाऱ्या वाहनांना टोलमाफी देतं, पण ती आपोआप मिळत नाही. आरटीओ, पोलीस ठाणे किंवा वाहतूक शाखेतून त्या वर्षीचा पास घ्यावा लागतो. त्यावर गाडीचा क्रमांक आणि प्रवासाच्या तारखा असतात. त्या वर्षीचा शासन आदेश निघाल्यावर लगेच अर्ज करा, कारण शेवटच्या दोन दिवसांत खिडकीवर झुंबड उडते.

२. मुक्काम पक्का केल्याशिवाय गाडीत पेट्रोल भरू नका

मंदिर समितीचं भक्तनिवास ही पहिली पसंती ठेवा. खोल्या स्वच्छ आहेत, मंदिर जवळ आहे, आणि मुख्य म्हणजे गाडी उभी करायला जागा आहे. नोंदणी समितीच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवासही पंढरपुरात आहे. त्याशिवाय मठ, धर्मशाळा आणि स्टेशन रोडकडची लॉजं आहेतच. मठात सोय साधी असते. वयस्कर माणसं सोबत असतील तर कमोड आहे का, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे आधी विचारून घ्या.

इथला मोठा सापळा म्हणजे सर्चमध्ये सापडलेले मोबाईल नंबर. "भक्तनिवास बुकिंग" असं टाकलं की खऱ्या संस्थेचं नाव आणि फोटो लावलेली बनावट पानं दिसतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, आधार कार्डाचा फोटो मागतो, क्यूआर कोड पाठवतो आणि पैसे गेले की फोन उचलत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: वैयक्तिक नावाच्या यूपीआयवर पैसे मागितले की थांबा. संस्था पैसे घेते ते संस्थेच्या खात्यात, आणि पावती देते.

खोली घेताना प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. मूळ कार्ड सोबत ठेवा, शिवाय दोन-दोन झेरॉक्स.

३. रस्ता कोणता घ्यायचा

पुण्याहून दोन सरळ रस्ते आहेत.

पहिला सोलापूर महामार्गाचा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी. टेंभुर्णीला महामार्ग सोडून करकंबमार्गे पंढरपूर. साधारण २१० किलोमीटर, त्यातले शेवटचे ४५ टेंभुर्णीनंतरचे. पाटस आणि इंदापूरजवळचं सरडेवाडी असे टोल लागतात. सोय पुष्कळ आहे: पंप, जेवणाची ठिकाणं, पंक्चरवाले, दवाखाने. वेळ खातो तो हडपसर ते उरुळी कांचन हा पट्टा. सकाळी सातच्या आत उरुळी ओलांडली तर पुढचा रस्ता मोकळा; आठला हडपसरात असाल तर एक तास तिथेच धरा.

टेंभुर्णीचं वळण नवखे चुकतात. गाडी उड्डाणपुलावर चढली की गाव खाली राहून जातं. फाटा जवळ आला की डावीकडच्या सेवा रस्त्याला उतरा आणि मग पंढरपूरची पाटी धरा. चुकलंच, तर महामार्गावर उलट्या दिशेने गाडी अजिबात आणू नका. पुढे मोडनिंबलाही पंढरपूरकडे जाणारा रस्ता आहे. थोडं अंतर आणि कदाचित एखादा टोल जास्त पडेल, एवढंच.

दुसरा रस्ता ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा, राष्ट्रीय महामार्ग ९६५. दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. अंतर पहिल्या रस्त्याच्या आसपासच, पण वेळ जास्त लागतो. बराचसा रस्ता चौपदरी झाला आहे. तरी ठिकठिकाणी काम चालू असल्यामुळे वळवलेले रस्ते लागू शकतात, म्हणून निघण्याआधी त्या आठवड्याची स्थिती बघून घ्या.

सोयीचा विचार केला तर पहिला रस्ता. पण ज्यांना पायी वारी कधी जमली नाही आणि आता जमणारही नाही, अशी माणसं गाडीत असतील, तर दुसरा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान घालतात ती जागा, तरडगावच्या अलीकडे पहिलं उभं रिंगण होतं तो चांदोबाचा लिंब, सगळ्या पालख्या एकत्र येतात ते वाखरी, अशी नावं एकामागून एक पाट्यांवर दिसत जातात. वारीचा रस्ता डोळ्यांनी तरी चालून होतो. जाताना हा आणि येताना टेंभुर्णीचा, असा मेळ उत्तम.

मुंबईकरांनी यात द्रुतगती मार्ग आणि पुण्यातून बाहेर पडायचा वेळ मिळवावा. एकूण ३६० किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून आठ तास. एकटाच चालक असेल तर पुण्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघणं बरं.

कोल्हापूर-सांगलीकडून मिरज, कवठे महांकाळ, सांगोला. अहिल्यानगरकडून करमाळा, टेंभुर्णी. मराठवाड्यातून बार्शी, कुर्डुवाडी. सोलापुराहून जेमतेम ७०-७५ किलोमीटर.

४. गाडी तपासणं: टायरपासून सुरुवात

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. आठ-दहा दिवस आधी करा आणि मधल्या दिवसांत गाडी रोज वापरा. घट्ट न बसलेली क्लिप किंवा ठिबकणारं तेल त्या दिवसांत घरापाशीच कळतं.

काँक्रीटच्या रस्त्यावर उन्हात सलग ९०-१०० च्या वेगाने गेलं की टायर तापतो. हवा कमी असेल तर त्याच्या बाजू जास्त वाकतात, आणखी तापतात आणि टायर फुटतो. लोक उलटं समजतात, "ऊन आहे, हवा थोडी कमी भर" असं सांगतात. तसं करू नका. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिला आहे तेवढी हवा भरा, आणि ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी निघण्याआधी घराजवळच्या पंपावर.

मग खाली वाकून टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीतले चार आकडे शोधा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कितीही चांगली दिसली, तरी सहा वर्षांवरचा टायर लांबच्या प्रवासाला नको. रबर कडक झालेलं असतं आणि बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. नख लावून बघा, कळतं.

स्टेपनीतली हवा सगळे विसरतात. तीही तपासा, आणि घरीच एकदा चाकाचा एक नट स्वतः सैल करून परत आवळा. गॅरेजमध्ये नट हवेच्या गनने आवळतात. ते गाडीतल्या छोट्या पान्याने हलत नाहीत, हे करकंबच्या रस्त्यावर भर उन्हात कळण्यापेक्षा दारात कळलेलं चांगलं. हलत नसेल तर लांब दांड्याचा पाना विकत घ्या.

बाकीचं थोडक्यात: कूलंट इंजिन थंड असताना बघा, ब्रेक ऑइलची पातळी, वायपरचं रबर, मागचे दोन्ही लाल दिवे, हॉर्न. सीएनजी गाडीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचा दाखला बघा. गॅस घरूनच भरून निघा, पंपावरच्या रांगेत सकाळचा मोकळा रस्ता हातचा जातो. विजेवरची गाडी असेल तर चार्जिंगची दोन ठिकाणं ठरवून ठेवा; एक बंद निघालं तर दुसरं हवं.

५. कागदपत्रं आणि फास्टॅग

हे सोबत हवंच:

- चालकाचा परवाना. दोन चालक असतील तर दोघांचाही
- गाडीचं आरसी
- चालू विमा
- पीयूसी
- प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- मुक्कामाच्या नोंदणीची छापील पावती
- पूजा नोंदवली असेल तर तिची पावती

पहिली चार डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी चालतात. फक्त ती आधी उघडून ठेवा. रेंज नसलेल्या जागी पहिल्यांदाच लॉगिन करायला गेलात तर ओटीपी येत नाही. मुदत संपलेलं पीयूसी ही सगळ्यात जास्त सापडणारी चूक आहे, कारण ते कुणाच्या लक्षातच राहत नाही. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असावी.

फास्टॅग आदल्या दिवशी रिचार्ज करा. टोलच्या रांगेत उभं राहून केलेला रिचार्ज यंत्राला लगेच दिसेलच असं नाही. टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल, असा नियम १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. वर्षभर महामार्गावर फिरणाऱ्यांनी वार्षिक पासचा विचार करावा. खासगी कार-जीपसाठी तो १५ ऑगस्ट २०२५ ला तीन हजार रुपयांत सुरू झाला. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही. मुंबईकर इथेच फसतात, कारण पास आहे म्हणून टॅगमध्ये पैसेच ठेवत नाहीत.

भाड्याने गाडी घेत असाल तर पिवळ्या पाटीची घ्या. स्वतः चालवायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

६. गाडीत काय हवं

माणशी दोन लिटर पाणी. गूळ-शेंगदाणे, दशम्या, शेंगाचटणी. एकादशीला निघालात तर राजगिऱ्याचे लाडू. उलटीचा त्रास असलेल्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी, घाट सुरू झाल्यावर नाही. रोजची औषधं दिवसांच्या हिशोबापेक्षा दोन दिवसांची जास्त. टॉर्च, दोरी, जुनं कापड, त्रिकोणी रिफ्लेक्टर, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप. दर्शनासाठी कापडी पिशवी आणि जाड मोजे.

आणि एक वही-पेन. कशाला, ते नवव्या मुद्द्यात येईल.

७. रस्त्यावर: उसाच्या ट्रॅक्टरला घाबरा

दर दोन तासांनी थांबा, चालकाला झोप येवो न येवो. दुपारी दोन ते चार डोळे जड होतात, त्या वेळी चालक बदला किंवा सावलीत अर्धा तास गाडी लावा. हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात; मुलं सोबत असतील तर कुंभारगावची होडीफेरी जोडता येते, पण ती सकाळच्या वेळात. भिगवण माशांसाठीही प्रसिद्ध आहे. माळकरी मंडळी सोबत असतील तर जेवणाचा थांबा शाकाहारी ठिकाणी आधीच ठरवून घ्या.

आता खरा धोका. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, टेंभुर्णी-पंढरपूर आणि अकलूज-वेळापूर भागातले रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन पुरुष उंच रचलेला ऊस, दोन्ही बाजूंनी वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, टोकं बाहेर आलेली. मागच्या ट्रॉलीला बरेचदा दिवाच नसतो. रिफ्लेक्टरची लाल पट्टी असते, पण ती धुळीने माखलेली किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेली. अंधारात तुमच्या दिव्यांचा उजेड तिच्यावर पडतो तेव्हा ट्रॉली पंचवीस-तीस मीटरवर आलेली असते. ८० च्या वेगाने जाणारी गाडी एवढ्या अंतरात थांबत नाही. या भागातले कितीतरी जीवघेणे अपघात असेच मागून धडकून होतात.

म्हणून सूर्यास्ताआधी पंढरपूर गाठायचं. त्यात तडजोड नको. दिवसाही हे पाळा:

- ट्रॅक्टरच्या मागे चिकटून जाऊ नका. एखादी मोळी सुटली तर ती काचेवर येते.
- दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरचं तोंड, सगळं एकदम ओलांडता येईल एवढा रस्ता मोकळा दिसला तरच पुढे काढा. अर्ध्यात आत घुसायला जागा नसते.
- ट्रॅक्टर अचानक उजवीकडे कारखान्याच्या किंवा शेताच्या रस्त्याला वळतो. इंजिनाच्या आवाजात चालकाला तुमचा हॉर्न ऐकू येत नाही, कित्येकदा गाणीही लावलेली असतात. डिपर द्या आणि त्याने बघितल्याची खात्री करा.
- रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घसरतं, विशेषतः पहाटेच्या दवात. दुचाकीवाल्यांनी जास्त जपावं.

बंद पडलात तर गाडी पूर्ण कडेला घ्या, माणसांना गाडीबाहेर कठड्यापलीकडे उभं करा, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी सगळ्यासाठी ११२.

८. गावात शिरताना

मॅपवर "विठ्ठल मंदिर" टाकून गाडी चालवू नका. मॅप तुम्हाला प्रदक्षिणा मार्गाच्या गल्ल्यांत नेऊन सोडतो. तिथे समोरून रिक्षा, मागून दिंडी आणि दोन्हीकडे कुंकवाची दुकानं, मागे घ्यायलाही जागा नाही. मुक्कामाचं ठिकाण टाका, गाडी तिथे लावा आणि दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत ती विसरा. गावात पायी किंवा रिक्षाने फिरा. दोन्ही वेळच्या रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा.

मोठ्या गर्दीच्या दिवशी गाड्या गावाबाहेरच्या वाहनतळांवर थांबवतात. वाहनतळाचं नाव आणि जवळची खूण लिहून घ्या. रात्री सगळी मैदानं सारखीच दिसतात.

९. दर्शन

दोन प्रकार आहेत. पदस्पर्श दर्शनात गाभाऱ्यात जाऊन पांडुरंगाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. जात-पात, स्त्री-पुरुष असा भेद न करता कुणालाही देवाच्या पायाला हात लावता येतो, हे पंढरीचं मोठेपण आहे. या रांगेला वेळ लागतो. मुखदर्शनात थोड्या अंतरावरून रूप बघायचं, रांग छोटी. गुडघेदुखी, रक्तदाब, लहान बाळ असं काही असेल तर मुखदर्शन घ्या आणि मनात खंत ठेवू नका. नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, ती पायरी महाद्वारात आहे. समोर चोखोबांची समाधी आहे. कितीतरी वारकरी तिथे आणि कळसाला हात जोडून परततात.

दिवसाचा क्रम साधारण असा असतो: पहाटे चारच्या सुमाराला मंदिर उघडतं, काकडा आणि नित्यपूजा होते, मग सर्वांसाठी दर्शन. अकराच्या सुमाराला महानैवेद्य, दुपारी साडेचारच्या सुमाराला पोशाख, पावणेसातच्या सुमाराला धुपारती, रात्री उशिरा शेजारती. नैवेद्य आणि पोशाखाच्या वेळी रांग थांबते. वेळा सणावाराला बदलतात, आदल्या संध्याकाळी मंदिराच्या फलकावर बघून या. रांगेत पहाटे पाचच्या आत लागायचं, असा हिशोब धरा.

मोबाईल आत नेता येत नाही. लॉकर आहेत, पण फोन खोलीवर ठेवणं सोपं. आता वही-पेनाचं काम: घरातल्या दोघांचे फोन नंबर, मुक्कामाचं नाव आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, वयस्करांच्या आणि मुलांच्या तर नक्कीच. आपल्याला आता कुणाचाच नंबर पाठ नसतो. भेटायची जागा "मंदिराबाहेर" अशी नको. "नामदेव पायरी" असं नेमकं ठरवा.

रांगेत लागण्याआधी लघवीला जाऊन या, पाण्याची छोटी बाटली घ्या. आत सोळखांबी मंडपात गरुडखांब लागतो, त्याला मिठी मारायची पद्धत आहे. गाभाऱ्यात क्षणभरच मिळतो. ओटी, माळ, पैसे या गडबडीत तो घालवू नका. तुळशीची माळ आधीच हातात मोकळी धरा, वर बघून रूप डोळ्यांत साठवा आणि मग पायांवर डोकं ठेवा. बाहेर आल्यावर लगेच गर्दीबरोबर वाहत जाऊ नका. रखुमाईचं मंदिर मागच्या बाजूला स्वतंत्र आहे, नवखे ते चुकवतात.

"लवकर दर्शन करून देतो" म्हणणारा माणूस बाहेर भेटेल. त्याला एक रुपयाही देऊ नका. दर्शनाला पैसे लागत नाहीत. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले आणि कारभार पूर्णपणे मंदिर समितीकडे आला. पूजा, अभिषेक, देणगी, लाडूप्रसाद, सगळं समितीच्या पावतीवर. पाद्यपूजा, तुळशी अर्चना किंवा उन्हाळ्यातली चंदनउटी करायची असेल तर नोंदणी बरीच आधी करावी लागते.

१०. चंद्रभागा आणि आसपास

परंपरेचा क्रम आहे तो असा: आधी चंद्रभागेचं स्नान, मग वाळवंटातल्या पुंडलिकाचं दर्शन, मग विठोबा. देव ज्याच्यासाठी विटेवर थांबला, त्याला आधी भेटायचं. पहाटेच्या रांगेमुळे हा क्रम जुळत नसेल तर आदल्या संध्याकाळी पुंडलिकाला जाऊन या.

स्नानाबाबत काळजी घ्या. नदीचं पाणी उजनी आणि वीर धरणांतून किती सोडलं आहे त्यावर अवलंबून असतं. पावसाळ्यात विसर्ग वाढला की पुंडलिकाचं मंदिरही पाण्यात जातं. पाणी कमी असतानाही वाळूउपशाचे खोल खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला गळ्याएवढ्या पाण्यात जातो. घाटाच्या पायऱ्या सोडू नका. पाणी गढूळ वाटलं तर हातपाय धुऊन डोक्याला पाणी लावा, पुरे.

होडीने विष्णुपदला जाता येतं. मार्गशीर्षात देव तिथे मुक्कामाला असतो असं मानतात, तेव्हा तिथे गर्दी असते. बसायच्या आधी जीवरक्षक जाकीट मागा. नसेल तर ती होडी सोडा. जवळच गोपाळपूर, जनाबाईचं जातं दाखवतात तिथे. गावात कैकाडी महाराजांचा मठ मुलांना आवडतो. तनपुरे महाराजांच्या मठात अवश्य जा: मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी अस्पृश्य मानलेल्या भाविकांना मंदिर खुलं व्हावं म्हणून इथेच उपोषण केलं. तुम्ही पहाटे ज्या रांगेत उभे होता, ती सगळ्यांची झाली त्यामागे हे उपोषण आहे.

खरेदीत कुंकू, बुक्का, अगरबत्ती, तुळशीची माळ, चुरमुरे, टाळ आणि घोंगडी. बुक्का पुडीत हलका दिसतो, पण गाडीच्या सीटवर सांडला तर निघत नाही. डब्यात भरून घ्या.

११. अक्कलकोट-तुळजापूर जोडायचं असेल तर

दोन दिवसांत तिन्ही ठिकाणं कोंबू नका. चार दिवस काढा आणि वार असे जुळवा: सोमवारी निघून पंढरपूर मुक्काम, मंगळवारी पहाटे दर्शन करून मंगळवेढामार्गे सोलापूर, बुधवारी अक्कलकोट, गुरुवारी पहाटे तुळजापूर. कारण अक्कलकोटला गुरुवारी आणि तुळजापूरला मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला प्रचंड गर्दी असते. या क्रमात हे तिन्ही वार टळतात; पौर्णिमा तेवढी पंचांगात बघा. सोलापूर ते अक्कलकोट ४० किलोमीटरच्या आत-बाहेर, सोलापूर ते तुळजापूर ४५. अक्कलकोटला अन्नछत्रात दोन्ही वेळ महाप्रसाद मिळतो, त्यामुळे जेवणाची चिंता नाही. मंगळवेढ्यात चोखोबांच्या आणि दामाजीपंतांच्या गावी थांबा आणि तिथली ज्वारी घ्या. पोत्याचं वजन डिकीत मावेल आणि टायरला पेलेल एवढंच.

१२. परतताना

दर्शन सकाळी आठ-नऊपर्यंत झालं तर नाश्ता करून तासभर झोपा, मग निघा. पहाटे तीनला उठलेला चालक दुपारी बाराला ताजातवाना वाटतो, पण तीनला पेंगतो. टेंभुर्णीच्या पुढे महामार्ग सरळ आणि एकसुरी आहे, डुलकी तिथेच लागते. रविवारी संध्याकाळी पाचनंतर पुण्याकडे येणारी वाहतूक उरुळीपासून तुंबते. त्या दिवशी एकतर दुपारी तीनपर्यंत लोणी ओलांडा, नाहीतर इंदापूरला सावकाश जेवून रात्री नऊनंतर पुण्यात शिरा.

घरी पोचल्यावर फास्टॅगचे संदेश एकदा तपासा. एकाच टोलवर दोनदा पैसे कापले गेले असतील तर टॅग ज्या बँकेचा आहे तिथे तक्रार करा. टोलचं नाव, तारीख आणि वेळ दिली की तपासणी करून पैसे परत मिळतात. आणि गाडी धुवायच्या आधी चाकांच्या आतल्या बाजूला उसाची पाती अडकली आहेत का बघा, ती ब्रेकजवळ गुंडाळून बसतात.